वृषालीची शिसारी

डिंभे धरणाकाठची वृषाली आळे गावात नांदाया आली तवा तिला कशाचीच किळस न्हाई अशी तिची ख्याती व्हती. बाप शेती बघून धरणाच्या पान्यात जाळं टाकायचा, आन ही सात-आठ वर्सांची असल्यापून मासं साफ करायची. एका हातानं मासा दाबायचा, दुसऱ्या हातानं पोट फाडायचं, आतडी कावळ्यांना भिरकवायची, आन त्याच हाताच्या कोपरानं कपाळावरचं केस माघं सारायचं. तिची आजी सहा म्हैनं अंथरुनाला खिळली व्हती. पाठीला जखमा झाल्या, घरात वास मावंना. सख्ख्या सुना नाकाला पदर लावून उंबऱ्यात उभ्या ऱ्हायच्या, आन ही पोर जखमा धुऊन, पुसून, वर तिथंच बसून चहा प्यायची. "हिचं पोट दगडाचं हाय," असं मानसं म्हनायची. तिला त्याचा गर्व व्हता. नाक मुरडनाऱ्या बायांना ती तोंडावर नाटकी म्हनायची.

अशी ही बाई पडली साळुबाईच्या घरात. साळुबाई म्हंजी तिची सासू. घर माळकरी. मासळीचं नुसतं नाव काढलं तरी साळुबाई पचकन थुकायची. लग्नाला आठ दिस झालं न्हाई तर वृषालीच्या आईनं पिशवीभर सुकट धाडली. साळुबाईनं ती पिशवी चुलीच्या चिमट्यानं उचलली, हात लांब धरून गोठ्याच्या माघं नेली आन उकिरड्यावर टाकली.

"पुन्ना ह्या घरात असलं आलं तर पिशवीसंगट तुलाबी तिथंच ठिवीन," ती म्हनली.

"आत्या, मासा हाय तो. मेलेला उंदीर न्हाई."

"तुझ्या म्हायेरी त्यातला फरक कळत नसंल."

गोरख, म्हंजी वृषालीचा नवरा, तवा मोबाईलात तोंड घालून बसला व्हता. त्यानं मान वर केली न्हाई. तो तसाच. बायकोची बाजू घेतली तर आई जेवत न्हाई, आन आईची घेतली तर बायको बोलत न्हाई, म्हून तो टोमॅटोचं क्रेट पिकअपात भरून फाट्यावर निघून जायचा.

पयल्या खेपंला वृषालीचं पोट तिसऱ्या म्हैन्यात पडलं. कशानं पडलं ते डाक्टरलाबी सांगता आलं न्हाई. पन साळुबाईला म्हाइत व्हतं. "चोरून मासळी खाल्ली असनार. बाधली," असं तिनं दारात आलेल्या चार बायांना सांगितलं, आन वृषाली आत पडून आयकत व्हती. त्या दिसापून दोघींत बोलनं ऱ्हायलं ते कामापुरतं. भांडी वाजायची, दारं आपटायची, कुत्र्याला घातलेली शिवी सुनंला लागायची आन शेळीला घातलेली सासूला.

वरीसभरानं तिला पुन्ना दिस गेलं. ह्या खेपंला वृषालीनं कुनाला सांगायच्या आधी देवापुढं हात जोडलं न्हाई की नवस बोलला न्हाई. तिनं मनाशी एकच ठरावलं, की हे लेकरू मी जगवनार, मग आडवं कोनबी येवो.

त्याच सुमाराला गोरखनं बेल्ह्याच्या बाजारातून गाय आनली. काळी-पांढरी, संकरित, थोराड, पाच म्हैन्याची गाभन आन वर दूध देनारी. इकनारा कुठला, त्याची ही गाय आधी कितींदा गाभ ऱ्हायली, काय इचारलं न्हाई. कास बघितली, दात बघितलं, टेम्पोत घातली. साळुबाईनं गायीला ओवाळलं, तिचं नाव चांदी ठिवलं, आन दुसऱ्या दिसापून सकाळी सकाळी फेसाचा पेला घेऊन सुनंफुडं उभी ऱ्हायली.

"धारोष्ण हाय. घे. ह्या खेपंला तरी पोटातलं टिकंल."

वृषालीनं पेला तोंडाला लावला आन तिचं दगडाचं पोट उलटं फिरलं. असला वास तिला जन्मात आला नव्हता. शेनाचा न्हाई, मुताचा न्हाई, दुधाचा पन न्हाई. जसं काय कुठंतरी आत कुजलंय आन वरून साय धरलीय. तिनं नाक दाबून दोन घोट घेतलं आन भडाभडा वकली, ती नेमकी साळुबाईच्या पायावर.

"बघा गं बया!" साळुबाई वरडली. "मासं फाडनारी ही, आन आता हिला दुधाचा वास येतो! अगं दुधाचा! देव पितो ते!"

"देवालाच द्या मग."

ही गोष्ट वाडीभर झाली. बाया पान्याला आल्या की हसायच्या, "काय गं वृषाली, दुधाला काटं हायत का?" वृषालीला लाज वाटायची. ज्या नाटकी बायांना ती हसली व्हती, त्यांच्यातच ती जाऊन बसली व्हती. बरं, चहा चालायचा, भाकर चालायची, उकळून आटवलेलं दूधबी एकयेळ चालायचं. पन चांदीच्या अंगाखालचं कच्चं दूध, आन त्या गोठ्याची हवा, तिथं गेली की कोरडं उमासं सुरू. डोळ्यातून पानी, मानंवर घाम. मग ती पेला घेऊन "पिते" म्हनायची आन केळीच्या आळ्यात वतायची. आठ दिसांनी साळुबाईनं धरलं.

"माझं दूध केळीला? केळ काय पोटुशी हाय?"

गोरख तवा घरातच व्हता. "पी की गं," तो म्हनला, "आई तुझ्याच भल्याचं सांगती."

"मग तुमीच पिवा."

"मी काय पोटुशी हाय का?"

"न्हाई ना? मग गप बसा."

असं दीड म्हैना चाललं. वृषालीला तिसरा सरत आला, आन चांदीला सातवा लागला.

एका सकाळी गोरख गोठ्यात गेला तर गायीनं गाभ टाकलेला. वासरू कुत्र्यायेवढं, अंगावर धड केस न्हाईत, मेलेलं. वार, म्हंजी वासरू ज्यात वाढतं ती पिशवी, आतच अडकून ऱ्हायली व्हती, आन अर्धी भायेर लोंबत व्हती, पिवळी, बुळबुळीत. वास असा, की गोरख भायेर येऊन भिताडाला टेकला.

आता आपल्याकडं ह्या वारेची एक रीत हाय. गाय व्याली की वार जमिनीवर टाकायची न्हाई. गोनत्यात बांधायची आन चिकाच्या झाडाला, वडाला न्हायतर उंबराला, उंच टांगायची. झाडाचा चीक तसं गायीचं दूध, असं मानत्यात. साळुबाईच्या म्हायेरी त्याच्याफुडं अजून एक व्हतं. गायीनं गाभ टाकला तर घरातल्या पोटुशी बाईच्या हातानं वार वढायची आन तिच्याच हातानं वडाला बांधायची. मग गाय फुडल्या खेपंला धरती.

साळुबाईनं हाक मारली. वृषाली गोठ्याच्या दारापोतर आली आन तिथंच थांबली.

"ये आत. वार वढ."

"मी न्हाई येत."

"वढायचीच नुसती. मी दाखवते."

"आत्या, मला उभंबी राहवंना इथं. मी हात लावनार न्हाई."

"तुझ्या आजीचा पू पुसला म्हून सांगत हिंडतीस ना? गायीचं करताना राजाची रानी झाली व्हय?"

"ते येगळं व्हतं."

"काय येगळं?"

ते तिला सांगता येईना. तिला येवढंच कळत व्हतं की तिचं सगळं आंग माघं सरतंय. पाय माघं, मान माघं, तोंडात कडू पानी आलेलं, आन पोटावर आपसूक दोन्ही हात गेलेलं. साळुबाईनं फुडं येऊन तिचं मनगट धरलं आन वढलं. वृषालीनं दुसऱ्या हातानं दाराचा खांब धरला.

"सोडा."

"माझी गाय वांझ ठिवायचीय तुला? मागच्या वर्साला सोताचं टाकलंस, आता हिचंबी—"

तिचं बोलनं पुरं झालं न्हाई. वृषालीनं खांब सोडला आन दोन्ही हातांनी सासूला ढकललं. साळुबाई शेनात बसली. गोरखनं हात उगारला. वृषालीनं गाल फुडं केला.

"मारा. पन त्या घानीला मी मेले तरी शिवनार न्हाई. माझ्या पोटाला इचारा का ते. मला म्हाइत न्हाई."

गोरखचा हात तसाच ऱ्हायला. वृषाली तिथून निघाली ती कांद्याच्या वाफ्याच्या कडंला जाऊन बसली, आन तिथून गोठा बघत ऱ्हायली.

साळुबाईनं मग सोताच पदर खवला. कांदा काटून काटून तिच्या बोटांना भेगा पडल्या व्हत्या. तसल्या उघड्या हातांनी तिनं कोपरापोतर हात घालून वार वढली, तुकडं तुकडं भायेर काढलं, गोनत्यात बांधलं आन वढ्याकाठच्या वडाला टांगून आली. पोटुशी बाईचा हात मिळाला न्हाई म्हून जाता येता सुनंला शिव्या. आली, हात धुतल्यासारखं केलं, आन पीठ मळाया बसली. त्या दिशी वृषालीनं घरातलं काय खाल्लं न्हाई. शेतातल्या शेतात बिस्कीटचा पुडा खाल्ला.

सांच्याला गायीनं वैरन सोडली म्हून गोरखनं जनावरांच्या डाक्टरला बोलावलं. बाळासाहेब डाक्टर, मंचरकडचा, मोटारसायकलवर फिरनारा, बोलायला फटकळ. त्यानं आधी हातमोजं घातलं, मग गायीला हात लावला.

"वार कुनी काढली?"

"मी," साळुबाई म्हनली.

"मोजं व्हतं?"

"मोजं? काय थंडी हाय का?"

डाक्टर हसला न्हाई. त्यानं रक्त काढून बाटलीत भरलं, आन म्हनला, "हा गाभ टाकायचा रोग असनार. तपासून आलं की सांगतो, पन मला दुसरं काय दिसत न्हाई. ह्याचं जंतू वारेत, वासरासंगट येनाऱ्या पान्यात, कच्च्या दुधात असत्यात. मानसालाबी लागतो. घरात कोन पोटुशी हाय का?"

वृषाली भायेरून म्हनली, "मी हाय. आन कच्चं दूध ह्या बाई मला रोज पाजत व्हत्या."

"पिलात?"

"पयल्या दिशी दोन घोट. ते वकले. मग केळीला घातलं."

"वारेला हात?"

"न्हाई. मला शिसारी आली."

डाक्टरनं मोजं काढलं आन तिच्याकडं बघितलं. "वहिनी, शिसारी लई जुना डाक्टर हाय. मानूस जंगलात व्हता तवा त्याला कोन सांगत व्हतं का, हे खाऊ नको, त्याला शिवू नको? ज्यांना कुजक्याची किळस आली ती जगली, त्यांची लेकरं जगली. ज्यांना न्हाई आली ती मेली. आन पोटुशी बाईला पयलं तीन म्हैनं जास्ती शिसारी येती, कारन तवा पोटातलं कवळं असतं. आपन डोहाळं म्हून हसतो. तुमचं आंग राखन करत व्हतं."

"डाक्टर, आमच्या सात पिढ्यांनी हातानंच वार वढली," साळुबाई म्हनली.

"आन त्यात किती गायांनी गाभ टाकला, किती सुनांनी टाकला, ते कुनी लिहून ठिवलं का मावशी?"

गोरखनं जाऊन काठीनं ते गोनतं वडावरून उतरवलं, खड्डा घेतला, चुना टाकून पुरलं. आठ दिसांनी रक्ताचं आलं. रोग व्हता.

पन म्हून काय सासू नरमली, असं समजू नका. डाक्टर तिच्या घरात येऊन सुनंला शहानी म्हनून गेला, हे तिला रोगापेक्षा जास्ती झोंबलं. आन गोरखचं डोकं भलतीकडंच चाललं. "सोमवारी गाय बेल्ह्याला नेतो," तो म्हनला, "जाऊ दे बला."

वृषाली दारात आडवी आली. "आन ज्याच्या घरात जाईल तिथं कोन पोटुशी असंल तर? आपल्या गळ्यात बांधनारा असाच इचार करून गेला. त्याच्याच जातीचं व्हायचंय का तुमाला?"

"मग काय पुजू तिला?"

"डाक्टर म्हनला तसं लांब बांधा. पन तिला बाजार दावला तर मी सगळ्या बाजारात सांगीन, ही गाय कसली हाय ते."

गाय ऱ्हायली. शेताच्या त्या टोकाला.

तिसऱ्या आठवड्यात साळुबाईला ताप भरला. सकाळी उतरायचा, सांच्याला चढायचा. घाम असा, की वाकाळ पिळून घ्यावी. कंबर धरली, गुडघं धरलं. नारायनगावच्या दवाखान्यात आधी टायफाईडच्या गोळ्या दिल्या, त्यानं काय झालं न्हाई. मग वृषालीनंच गोरखला सांगितलं, "गायीचं सांगा त्यांना." तवा कुठं रक्त तपासलं आन तोच रोग निघाला. दीड म्हैना गोळ्या.

खोटं कशाला सांगायचं, वृषालीला बरं वाटलं. तिला रात्री म्हातारीचं कण्हनं ऐकू यायचं आन ती कूस बदलून झोपायची. ताट ती उंबऱ्यावरून सरकवायची. घामानं भिजलेली वाकाळ गोरख धुवायचा. आजीच्या जखमा धुतलेली ही बाई, पन साळुबाईच्या अंगाचा वास आला की तिचा गळा आवळायचा.

डाक्टर बाळासाहेब गाय बघाया आला तवा तिनं त्याला बाजूला घेऊन इचारलं, "आत्यांचा मला लागंल का?"

"न्हाई. मानसाचा मानसाला तसा लागत न्हाई. बिनधास्त जवळ जा."

"डोक्याला कळलं," ती म्हनली. "गळ्याला कसं सांगू?"

"तेवढं आमच्या पुस्तकात न्हाई बघा."

शिसारीचं असंच हाय. ती राखनीच्या कुत्र्यावानी. चोर आला तर भुकती, पावना आला तरी भुकती, आन एकदा एखाद्याला धरला की मालकानं सोड म्हनलं तरी सोडत न्हाई. वृषालीला रोगाची शिसारी येत व्हती का मानसाची, हे तिचं तिलाच उलगडंना. साळुबाईला तरी सुकटीची पिशवी चिमट्यानं उचलताना कुठं उलगडलं व्हतं?

सातव्या म्हैन्यात वृषाली डिंभ्याला गेली आन दिस भरल्यावर पोरीला जनम दिला. नीट, अंगानं भरलेली, रडनारी. नाव प्राची. तीन म्हैन्यांनी ती लेक घेऊन आळ्याला आली तवा साळुबाई उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी. रोग सरला व्हता, आंग मात्र निम्मं झालेलं, गालफाडं बसलेली. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आन रीतीपरमानं नात घ्याया दोन्ही हात फुडं केलं.

वृषालीनं लेकरू दिलं न्हाई. तिनं ते खांद्याला घट्ट धरलं, बाजूनं आत गेली, आन साळुबाई हात तसंच धरून उभी ऱ्हायली. शेजारच्या बाया बघत व्हत्या.

"सगळं गाव बघतंय," गोरख माघून कुजबुजला.

"बघू द्या. पोटात व्हती तवाबी सगळं गाव हसत व्हतं."

त्याच्याफुडं वरीस गेलं. म्हातारी ओसरीवर बसायची, आन वृषाली लेक कडंवर घेऊन काम करायची. कडंवरून उतरवली तर आतल्या खोलीत, दार लावून. पन पाय फुटलेलं लेकरू किती दिस कोंडनार? आन लहान लेकराला तर कशाचीच किळस नसती. माती खाईल, शेळीच्या लेंड्या खाईल, चपलेचा तळ चाटंल. त्याची शिसारी आईनंच करायची, त्याची त्याला यायला लई वर्सं जात्यात.

एका दुपारी वृषाली वाळलेली कापडं काढून घरात आली तर प्राची ओसरीवर, साळुबाईच्या मांडीशी. साळुबाईनं भाकरीचा घास तोंडात घातला, बोळक्यानं मऊ केला, दोन बोटांनी काढला आन पोरीच्या तोंडात दिला. जुन्या बाया देत्यात तसा.

कापडं जमिनीवर पडली. वृषालीनं झडप घातली, पोरीच्या तोंडात बोट घातलं आन घास उकरून भायेर फेकला.

"अगं ए बये! माझ्या तोंडचा घास हाय, ईख न्हाई!"

"थुक. थुक आधी, प्राची."

"ह्याच घासावर मी गोरखला वाढवला."

"तुमचा गोरख तुमाला लखलाभ."

गोरख आतून आला. "डाक्टरनं सांगितलं नव्हं, आईचा रोग गेला म्हून? आन लागत बी न्हाई."

"सांगितलं."

"मग कशाची शिसारी येती तुला?"

वृषालीनं साळुबाईकडं बघितलं. "ह्यांची."

साळुबाई आता रडंल असं वाटलं, पन ती रडली न्हाई. तिनं जमिनीवरचा तो घास उचलला, सुनंच्या डोळ्यात बघत सोताच्या तोंडात टाकला आन चघळाया लागली.

वृषालीला तिथंच उमासा आला. तिनं तोंडावर हात दाबला. आन तिच्या कडंवर प्राची आजीकडं वळून, मोठा आ करून बसली व्हती, अजून घास दे म्हून.